बेर्नार्दो बेल्लोत्तो : परक्या शहरांचा चित्रकार

वाटसरू (धागाकर्ता)

वॉर्सात येऊन मला आता तीन वर्षे होतील. रोज कामावर जाताना क्राकोव्स्के प्शेद्मेश्चे या रस्त्याने पायी जावे लागते. या नावाचा उच्चार जमायला मलाच वर्ष लागले, तेव्हा वाचकांनी तो मनातल्या मनात जमेल तसा करून घ्यावा. या रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी ठोकळे बसवलेले आहेत आणि प्रत्येक ठोकळ्यावर, तो जिथे उभा आहे तिथून दिसणाऱ्या दृश्याचे अडीचशे वर्षांपूर्वीचे चित्र छापलेले आहे. चित्राकडे पाहावे, मान वर करावी, समोरच्या इमारतींकडे पाहावे आणि पुन्हा चित्राकडे वळावे, हा माझा पहिल्या हिवाळ्यातला खेळ होता. चर्च तेच, कोपऱ्यावरचा वाडा तोच, रस्त्याला आलेला बाकही तोच. बदलली आहेत ती माणसे आणि वाहने.

मग एका सहकाऱ्याने सांगितले, की समोर दिसते त्यातले बहुतेक सगळे १९४५ नंतरचे आहे. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी हे शहर ठरवून, एकेका घराला सुरुंग लावून आणि आगी लावून उद्ध्वस्त केले होते. म्हणजे मी ज्याला मूळ समजत होतो ती इमारत नंतरची होती, आणि ज्याला नक्कल समजत होतो ते चित्र आधीचे. तेव्हापासून या चित्रकाराने मला धरून ठेवले आहे.

बेर्नार्दो बेल्लोत्तो हा मूळचा व्हेनिसचा. अठराव्या शतकात तिथे नगरदृश्यांचा, म्हणजे इटालियन भाषेत ज्यांना ‘वेदूता’ म्हणतात त्या चित्रांचा मोठा धंदा होता आणि त्या धंद्यातला सर्वांत नावाजलेला चित्रकार कानालेत्तो हा बेर्नार्दोचा सख्खा मामा. भाचा मामाच्याच कार्यशाळेत शिकला आणि १७३८ मध्ये, मिसरूड फुटण्याच्या वयात, व्हेनिसच्या चित्रकारांच्या संघात त्याची नोंद झाली. पुढे रोम, फ्लॉरेन्स, तुरिन, व्हेरोना अशी उमेदवारी झाल्यावर १७४७ मध्ये त्याने व्हेनिस सोडले ते कायमचेच. सॅक्सनीचा इलेक्टर (म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) आणि पोलंडचा राजा असलेल्या तिसऱ्या ऑगस्टसने त्याला ड्रेस्डेनला बोलावले आणि पुढच्याच वर्षी वार्षिक १,७५० थालर पगारावर दरबारी चित्रकार नेमले. दरबारातल्या इतर कुठल्याही चित्रकाराला एवढा पगार नव्हता.

ड्रेस्डेनची १४ आणि जवळच्या पिर्ना गावाची ११ मोठी दृश्ये त्याने राजासाठी काढली. त्यांतले एल्बे नदीच्या उजव्या तीरावरून, ऑगस्टस पुलाच्या खालच्या अंगाने दिसणारे १७४८ चे दृश्य सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचा आकार सुमारे १३३ बाय २३७ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या दिवाणाएवढा. उजवीकडे कॅथलिक होफकिर्शे, म्हणजे दरबारी चर्च, मध्ये पूल, डावीकडे फ्राउएनकिर्शे या चर्चचा घंटेसारखा घुमट. होफकिर्शेचे काम तेव्हा चालू होते, म्हणून तिच्या मनोऱ्याभोवती परांची आहे आणि ती परांचीसुद्धा त्याने वासान्‌वासा मोजून काढली आहे. शहराचे अर्धवट अंग झाकावे असे त्याला वाटले नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

१७५६ मध्ये प्रशियाचा फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला, राजा वॉर्साला निघून गेला आणि पगार थांबला. १७५८ च्या अखेरीस बेल्लोत्तो थोरल्या मुलाला, लोरेन्झोला, घेऊन व्हिएन्नाला सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या आश्रयाला गेला, तिथून म्युनिकला. परत ड्रेस्डेनला आला तेव्हा १७६० च्या तोफमाऱ्यात त्याचे घर चीजवस्तूंसह गेले होते. १७६३ मध्ये राजा गेला, त्याच वर्षी मंत्री ब्र्यूल गेला आणि एकेकाळचा सर्वांत महागडा चित्रकार नव्या कला अकादमीत ६०० थालरांवर पर्स्पेक्टिव्ह शिकवू लागला. १७६६ च्या अखेरीस तो सेंट पीटर्सबर्गला, रशियाच्या कॅथरीनकडे नशीब काढायला निघाला. वाटेत वॉर्सा लागले. नवा राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की याने त्याला ठेवून घेतले आणि १७८० मध्ये मरेपर्यंत तो इथेच राहिला. इथली त्याची २६ दृश्ये हीच त्याची अखेरची मोठी मालिका.

मला जाणकारांना विचारायचे आहे ते एवढेच, की या चित्रांवर किती विसंबावे? चित्र पाहून शहर पुन्हा उभे करणे हे योग्य होते का? आणि आणखी एक शंका, थोडी भाबडी वाटेल. चार शहरांत फिरलेला हा माणूस जिथे जन्मला त्या शहरापेक्षा जिथे परका होता त्या शहरांतच मोठा चित्रकार का झाला?

---

कुंचलाबहाद्दर

लेख आवडला. मी जे. जे.मध्ये शिकलो तेव्हा रविवारी सकाळी फोर्टात बसून लँडस्केप करण्याची शिस्त होती, त्यामुळे या विषयात थोडे हस्तकौशल्याच्या बाजूने लिहितो.

बेल्लोत्तोकडे कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. ही एक अंधारी पेटी असते, पुढे भिंग, आत तिरका आरसा आणि वर काच. समोरचे दृश्य काचेवर उमटते आणि त्यावर कागद ठेवून रेघा गिरवता येतात. हे ऐकल्यावर पुष्कळांचा चेहरा पडतो, ‘म्हणजे ट्रेसिंगच की’ असे त्यांना वाटते. पण या पेटीत एका वेळी मावते ती एक फाक. रुंद चौक हवा असेल तर पेटी थोडी थोडी फिरवून अनेक कागद करावे लागतात, आणि प्रत्येक कागदाचा दृष्टिकोन किंचित वेगळा असल्यामुळे ते शेजारी लावले की छपरांच्या रेघा एकमेकींना मिळत नाहीत. त्या मिळवणे हे डोळ्याचे आणि हिशेबाचे काम आहे. त्यात कुठली इमारत थोडी सरकवायची, कुठला रस्ता जरा रुंद करायचा, हे निर्णय चित्रकारच घेतो. त्यानंतर चौकटी आखून रेखाटन मोठ्या कॅनव्हासवर न्यायचे, भिंतींच्या कडा पट्टीने घ्यायच्या आणि मग रंग.

मामा-भाच्यांत फरक आहे तो उजेडाचा. कानालेत्तोच्या व्हेनिसमध्ये ऊन सोनेरी आणि सगळीकडे सारखे सांडलेले असते. बेल्लोत्तोचा उजेड थंड, जरासा रुपेरी आणि तिरका. सावल्या लांब आणि गडद, आणि पुष्कळदा चित्राचा खालचा अर्धा भाग सावलीतच बुडालेला. तुम्ही विचारले आहे की तो परक्या शहरांतच मोठा का झाला. माझे उत्तर असे, की उत्तरेकडच्या आकाशाने त्याला मामापासून सोडवले. व्हेनिसमध्ये राहिला असता तर मामाच्या हातासारखा हात असलेला भाचा एवढीच त्याची ओळख उरली असती.

---

शेवंता

एक मूर्खपणाचा प्रश्न विचारते. वॉर्साच्या राजवाड्यातल्या दालनाला ‘कानालेत्तो दालन’ म्हणतात असे वाचले होते. मग ती चित्रे मामाची की भाच्याची?

---

वाटसरू (धागाकर्ता)

शेवंताताई, प्रश्न मुळीच मूर्खपणाचा नाही, मीही पहिल्यांदा तिथेच अडखळलो. चित्रे भाच्याचीच. परदेशी गेल्यावर तो सही करताना ‘बेर्नार्दो बेल्लोत्तो, ऊर्फ कानालेत्तो’ असे लिहू लागला, कारण मामाचे नाव युरोपभर चालणारे होते. त्यामुळे जर्मनीत आणि पोलंडमध्ये नुसते कानालेत्तो म्हटले की आजही भाचाच समजतात, तर लंडनमध्ये मामा. गंमत म्हणजे मामाही १७४६ मध्ये लंडनला गेला होता. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धामुळे इंग्रज प्रवाशांचे व्हेनिसला येणे रोडावले होते आणि तेच प्रवासी या चित्रांचे मुख्य गिऱ्हाईक होते. गिऱ्हाईक दारी येईना म्हणून मामा गिऱ्हाइकाच्या दारी गेला आणि वर्षभरात भाच्याने राजाचा दरवाजा गाठला. मामा नऊ-दहा वर्षांनी व्हेनिसला परतला, भाचा परतला नाही.

---

ओळंबा

मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करते, म्हणून वॉर्साच्या पुनर्बांधणीबद्दल एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ‘बेल्लोत्तोच्या चित्रांवरून वॉर्साचे जुने शहर उभारले’ हे वाक्य समाजमाध्यमांवर इतक्या वेळा फिरते, की आता ते खरेच वाटू लागले आहे. ज्या जुन्या बाजारचौकाचे फोटो त्या वाक्यासोबत लावतात, तो चौक बेल्लोत्तोने रंगवलेलाच नाही. नव्या शहराचा बाजारचौक, क्राकोव्स्के प्शेद्मेश्चे, मिओदोवा आणि द्वूगा हे रस्ते, विलानूव्हचा राजवाडा, नदीपलीकडून प्रागा उपनगरातून दिसणारे शहर, हे त्याचे विषय. राजाला आपली नवी, सुधारलेली राजधानी पाहायची होती, मध्ययुगीन दाटीवाटीचा चौक नव्हे.

जुना चौक उभा राहिला तो मोजमापांवरून. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक ओस्कार सोस्नोव्स्की यांच्या विभागाने युद्धापूर्वी विद्यार्थ्यांकडून शहरातल्या जुन्या घरांची मोजणी करून घेतली होती. एकेक खिडकी, एकेक कंगोरा, एकेक जिना कागदावर उतरला होता. सोस्नोव्स्की १९३९ च्या सप्टेंबरमध्येच मारले गेले, पण त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नकाशे जपले आणि उठाव मोडल्यावर उद्ध्वस्त शहरातून बाहेर काढून प्योत्रकूव्हच्या एका मठात लपवले. युद्धानंतर यान झाख्वातोविच यांच्या नेतृत्वाखालच्या लोकांनी त्यांच्या आधाराने काम केले. मला विचाराल तर या कहाणीचे नायक ते फुटपट्टी घेऊन जिन्यांवर बसलेले विद्यार्थी आहेत, पण त्यांची चित्रे कोणी भिंतीवर लावत नाही.

मात्र बेल्लोत्तोचा वाटा मुळीच नाही असेही नाही. मिओदोवा रस्त्यावरचा ब्रानित्स्की राजवाडा पुन्हा बांधताना त्याच्या छपराच्या कठड्यावरचे पुतळे बेल्लोत्तोच्या चित्रावरून घडवले आहेत. १७७७ च्या त्या चित्रात ते बोटभर उंचीचे आहेत, थोडक्या फटकाऱ्यांत काढलेले, आणि शिल्पकारांनी त्या फटकाऱ्यांचे दगडी अवयव केले. आणखी एक महत्त्वाची बाब अशी, की युद्धापूर्वी या रस्त्यांवर एकोणिसाव्या शतकात चढवलेले मजले होते, जाहिरातींचे फलक होते, मागच्या चौकांत कोंबलेल्या खोल्या होत्या. पुनर्बांधणी करणाऱ्यांना तो भांडवली काळ आवडत नव्हता. त्यांनी ते मजले परत बांधलेच नाहीत, नोवी श्व्यात रस्त्यावरची घरे तर युद्धापूर्वीपेक्षा ठेंगणी करून सरळ ओळीत बसवली. अठराव्या शतकाकडे परतायचे असे ठरल्यावर बेल्लोत्तो हा साक्षीदार म्हणून हाताशी होता. तेव्हा वाटसरूंनी सकाळी पाहिलेले साम्य हे चित्रकाराच्या अचूकतेचे जितके आहे, तितकेच १९४५ नंतरच्या निवडीचे आहे.

---

एल्बेकाठची

ड्रेस्डेनमध्ये राहते आणि रविवारी इथल्या चित्रसंग्रहालयात जाणे हा माझा नेम आहे, म्हणून एका चित्राजवळ थोडा वेळ थांबावे म्हणते. ते नदीकाठचे प्रसिद्ध चित्र नव्हे. त्या जागेवर आता एक रिकामी चौकट उभी केली आहे आणि पर्यटक तिच्यातून डोके काढून फोटो काढतात. मला सांगायचे आहे ते १७६५ चे, क्रॉइत्सकिर्शेच्या अवशेषांचे चित्र.

१७६० च्या जुलैमध्ये प्रशियाच्या तोफांनी हे चर्च जाळले. मनोरा तेवढा कसाबसा उभा राहिला आणि तो वाचवून चर्च पुन्हा बांधावे असे चालले होते. १७६५ च्या जूनमध्ये मनोऱ्याचा मोठा भाग एकाएकी कोसळला. बेल्लोत्तोने काढला आहे तो या क्षणानंतरचा मनोरा, वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला. एखादे घर अर्धे पाडल्यावर शेजारच्या भिंतीवर जिन्याची नक्षी आणि कोनाडे उघडे पडलेले आपण पाहतो, तसे इथे मनोऱ्याचे पोट उघडे पडले आहे. मजल्यामागून मजला, कमानीवर कमान, आणि सगळ्यांत वर जाण्याचा धीर केलेले ठिपक्याएवढे कामगार. एक अतिशय लांब शिडी लावलेली आहे. खाली दगडविटांचा डोंगर, त्यातून चांगले चिरे निवडून रचणारी माणसे, आणि पुढे नीटनेटके कपडे घालून बघायला जमलेले गावकरी. आजूबाजूची घरे मात्र ठाकठीक, खिडक्या जागच्या जागी, ऊनही निर्मळ. रडारड नाही, काळे ढग नाहीत, आकाशाकडे हात केलेली बाई नाही. मोडलेल्या इमारतीचेही त्याने उभ्या इमारतीसारखेच मोजून चित्र काढले आहे.

आणि हे सगळे त्याच शहरात, ज्यात त्याचे स्वतःचे घर त्याच तोफमाऱ्यात गेले होते. त्या चित्रासमोर उभी राहिले की मला वाटसरूंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आपल्या गावाची पडझड आपल्याला असे काढता येत नाही, आपण गहिवरतो किंवा बघायचेच टाळतो. तो अठरा वर्षे राहूनही इथला झाला नव्हता, आणि तरी त्याचे इथे सर्वस्व गेले होते. हे दोन्ही एकत्र असल्याशिवाय तो चिरलेला मनोरा तसा रंगवता आला नसता.

जाता जाता ओळंबा यांच्यासारखीच एक दुरुस्ती. फ्राउएनकिर्शे १९४५ च्या फेब्रुवारीत बॉम्बवर्षावानंतर कोसळली आणि २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली, ती बेल्लोत्तोच्या चित्रांवरून उभारली असेही सांगितले जाते. ते चर्च जुन्या नकाशांवरून, विसाव्या शतकातल्या मोजमापांवरून, छायाचित्रांवरून आणि ढिगाऱ्यातून उचललेल्या मूळ दगडांवरून बांधले आहे. भिंतीतले काळे दगड ते जुने. तिच्या भोवतीचा नॉयमार्क्ट चौक कसा दिसावा याच्या वादात मात्र बेल्लोत्तोची चित्रे दोन्ही बाजूंनी नाचवली गेली.

---

रोखठोक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माहिती उत्तम आहे, पण सूर जरा आरतीचा झाला आहे म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

हा माणूस ज्याचे खाईल त्याचे शहर रंगवणारा होता. सॅक्सनीत राजाचे आणि ब्र्यूलचे, व्हिएन्नात सम्राज्ञीचे, म्युनिकमध्ये तिथल्या इलेक्टरचे, वॉर्सात पोन्यातोव्स्कीचे. वॉर्साची ती स्वच्छ, उजळ चित्रे साधारण १७७० ते १७८० या दशकातली आहेत. १७७२ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंडचा पहिला लचका तोडला. १७९५ पर्यंत तो देश नकाशावरून नाहीसा झाला. ज्या राजाचे राज्य त्याच्या डोळ्यांदेखत जात होते, त्या राजाच्या वाड्यात एका दालनाच्या भिंती भरून ही सुस्थित राजधानी टांगलेली होती. याला दस्तऐवज म्हणायचे की राजाची समजूत काढणे?

शिवाय पुढे दिसणारे भिकारी, हमाल, काळ्या झग्यांतले ज्यू व्यापारी, माथा भादरलेले पोलिश सरदार, भाजीवाल्या, यांना तो इतक्या छान जागा देतो, की गरिबी ही दृश्याची शोभा होऊन बसते. चिखल आहे, पण तो चांगल्या रंगाचा चिखल आहे.

---

कुंचलाबहाद्दर

रोखठोक, पगारी असण्याबद्दल दुमत नाही. त्या काळात बिनपगारी चित्रकार कोण होता? पण माणसांबद्दल मी सहमत नाही. कानालेत्तोची माणसे म्हणजे चार ठिपके, दोन फटकारे, पुढच्या पुलावर तीच माणसे पुन्हा. बेल्लोत्तोच्या वॉर्सामध्ये माणसे आकाराने मोठी होत जातात आणि त्यांना उद्योग असतो. कोणी गाडीचे चाक बसवतो आहे, कोणी घोड्याला आवरतो आहे, कोणी दारात उभा राहून नुसता बघतो आहे. परका माणूस नव्या शहरात आला की तो आधी कपडे बघतो, कारण भाषा कळत नाही. मी पहिल्यांदा मुंबईबाहेर पडलो तेव्हा माझ्याही वहीत आधी पागोटी आणि चपलाच भरल्या होत्या. ती शोभा असेल, पण त्या शोभेमुळेच अठराव्या शतकातल्या वॉर्साचा पोशाख अभ्यासणारे लोक या चित्रांकडे धाव घेतात.

राजाच्या समजुतीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

---

दुर्बीण

व्हिएन्नाचा उल्लेख धाग्यात ओझरता आला, म्हणून थोडे. तिथे बेल्लोत्तोने वरच्या बेल्व्हेडेर राजवाड्यातून दिसणारे शहर रंगवले. पुढे बागेच्या आखीव वाटा, एका बाजूला कार्लस्किर्शेचा घुमट, दुसऱ्या बाजूला सालेसियन जोगिणींच्या चर्चचा घुमट आणि मध्ये, लांबवर, सेंट स्टीफनचा मनोरा. दोन घुमटांचे जणू दोन खांब आणि मध्ये शहर. हे चित्र तिथल्या कला-इतिहास संग्रहालयात आहे.

व्हिएन्नाच्या जुन्या भागाला २००१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे हॉइमार्क्ट भागात, बर्फावर घसरण्याच्या मैदानाशेजारी, एक उंच मनोरा बांधायचे ठरले आणि तो बेल्व्हेडेरमधून दिसणाऱ्या दृश्यात घुसतो यावरून रण माजले. त्या दृश्याला तिथे सरळ ‘कानालेत्तोची नजर’ असेच म्हणतात. २०१७ मध्ये युनेस्कोने व्हिएन्नाला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकले. आता खरी मेख इथे आहे. बेल्लोत्तोने तो देखावा जसाच्या तसा काढलेला नाही, बाजूच्या इमारती आत ओढून त्याने चित्र आवळून घेतले आहे, म्हणजे कुंचलाबहाद्दरांनी सांगितलेली तीच कागद जुळवण्याची हातचलाखी. आणि आज नगररचनाकार, वकील आणि बांधकाम व्यावसायिक जिच्या नावाने भांडतात ती मोजपट्टी एका चित्रकाराने आपल्या सोयीने थोडी वाकवलेली आहे.

ड्रेस्डेनची गोष्टही अशीच. एल्बेच्या खोऱ्याला २००४ मध्ये वारसा दर्जा मिळाला होता, नदीवर नवा पूल बांधल्यामुळे २००९ मध्ये तो काढून घेतला. पूल बांधण्याच्या बाजूने ड्रेस्डेनकरांनी मतदानाने कौल दिला होता, हे विसरून चालणार नाही. राहणाऱ्यांना पलीकडे जायला पूल हवा असतो, देखावा पाहुण्याला हवा असतो.

---

ओळंबा

दुर्बीण यांच्या शेवटच्या वाक्याला माझी थोडी हरकत आहे, पण मेख अगदी बरोबर पकडली आहे. जतनाच्या कामात आम्हाला हा प्रश्न रोज पडतो. ग्राहक एखादे जुने चित्र घेऊन येतो आणि ‘हे असे होते’ म्हणतो. चित्रात पाच कमानी असतात, पायाच्या खुणा चारच सांगतात. अशा वेळी मी पायावर विश्वास ठेवते. वॉर्सात पुष्कळ ठिकाणी पायाच उरला नव्हता, किंवा जो उरला होता तो नकोशा शतकाचा होता. अशा जागी बेल्लोत्तोची सरकवलेली रेघ दगडात गेली आणि पुढच्या पिढीसाठी तीच खरी ठरली. त्याला खोटेपणा म्हणावे असे मला वाटत नाही. पण फलकावर तसे लिहावे, एवढी माझी मागणी आहे.

---

करवीरकर

चर्चा वाचतो आहे, भर घालण्याइतका अभ्यास नाही. अवांतर, पण वॉर्सा म्हटले की आम्हा कोल्हापूरकरांना वळिवडे आठवते. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुले, १९४३ पासून काही वर्षे तिथल्या छावणीत राहिले होते. त्याच काळात तिकडे त्यांची राजधानी जमीनदोस्त होत होती, हे हा धागा वाचेपर्यंत माझ्या डोक्यात कधी जोडलेच गेले नव्हते. वाटसरू, तिथे वळिवड्याची आठवण म्हणून एक फलक लावला आहे असे ऐकतो. जमल्यास पाहून यावे.

दुसरे असे, की परदेशी गेलेला चित्रकार आणि तिथली घरे म्हटल्यावर मला आपले रझा आठवले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ओ द कान्य या टेकडीवरच्या गावाची चित्रे काढली. घरेच घरे, कोनच कोन, आणि माणूस एकही नाही. तुलना कितपत योग्य आहे ते जाणकारांनी सांगावे.

---

कुंचलाबहाद्दर

करवीरकर, तुलना उलट्या बाजूने फार उपयोगी आहे. रझांनी मुंबईतही शहराचीच जलरंगचित्रे केली होती, पण ती ओली, धावती, पावसातली. परदेशी गेल्यावर त्यांची घरे कोरडी आणि घट्ट झाली, रस्ते रिकामे झाले आणि पुढे तर घरेही गळून गेली. बेल्लोत्तोच्या बाबतीत शहर बदलत गेले तशी माणसे वाढत गेली. एक परका आत वळला, दुसरा बाहेर. अर्थात बेल्लोत्तोला राजाला इमारती ओळखू येतील असे चित्र द्यायचे होते, रझांवर तसले बंधन नव्हते, म्हणून ही तुलना मी यापुढे ताणणार नाही.

---

वाटसरू (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. इतके उलगडून कोणी सांगेल असे वाटले नव्हते. करवीरकर, फलक पाहून आलो की फोटो टाकतो.

रोखठोक यांच्या मुद्द्यावर थोडे लिहितो, कारण तो मला दोन दिवस टोचत होता. एकदा असे झाले, की राजाने मागवलेली चित्रे राजाला मिळालीच नाहीत. ड्रेस्डेनजवळच्या क्योनिगश्टाइन किल्ल्याची पाच मोठी दृश्ये तिसऱ्या ऑगस्टसने सांगितली होती. ती रंगत असतानाच युद्ध आले आणि १७५६ मध्ये राजाला त्याच किल्ल्यावर आसरा घ्यावा लागला. चित्रे दरबारात कधी पोहोचलीच नाहीत, ती पुढे इंग्लंडमध्ये निघाली आणि त्यांतले एक २०१७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतले. किल्ला अभेद्य दिसावा म्हणून काढलेले चित्र, आणि किल्ला अभेद्य राहूनही राज्य गेले. पगारी चित्राचा हेतू असा धन्याबरोबर संपतो आणि चित्र मागे उरते, असे मला दिसते.

वॉर्साची चित्रे तर चित्रकारापेक्षा जास्त हिंडली आहेत. रशियाविरुद्धच्या १८३० च्या उठावानंतर रशियाने ती नेली. रशियाशी झालेल्या १९२१ च्या रीगाच्या तहानंतर ती परत आली. १९३९ नंतर नाझींनी ती पळवली, युद्ध संपल्यावर ती सापडली आणि पुन्हा आणली गेली. पण ज्या राजवाड्याच्या दालनासाठी ती काढली होती तो राजवाडा १९४४ मध्ये सुरुंगाने उडवलेला होता. तो पुन्हा बांधायला १९७१ साल उजाडले आणि १९८४ मध्ये लोकांसाठी दारे उघडली, तेव्हा ती आपल्या भिंतींवर आली.

परवा, ओळंबा यांचा प्रतिसाद वाचून, मुद्दाम त्या दालनात गेलो. प्रागातून दिसणाऱ्या १७७० च्या मोठ्या दृश्यात एका कडेला चित्रकार स्वतः कामात गढून बसला आहे. त्याच वर्षी त्याचा लोरेन्झो वारला होता. बराच वेळ तिथे उभा होतो. नंतर मिओदोवा रस्त्यावर गेलो आणि छापील चित्र हातात धरून ब्रानित्स्की राजवाड्यासमोर उभा राहिलो. छपरावरचे पुतळे मोजायला लागलो, पण बर्फ भुरभुरत होते, चष्म्यावर थेंब जमले आणि दोनदा मोजून दोन आकडे आले. याच रस्त्यावर कॅपुचिन साधूंचे चर्च आहे, १७८० च्या नोव्हेंबरमध्ये बेल्लोत्तोला तिथेच पुरले. दार उघडे होते. आत प्रार्थना चालू होती, म्हणून मी मागच्या बाकावर पाच मिनिटे बसलो आणि निघालो. उन्हाळ्यात पुतळे पुन्हा मोजीन आणि ओळंबा, आकडा तुम्हाला इथेच कळवीन.